बाळंतपणानंतर शिंकताना लघवी सुटते, कंबर दुखते, पोट सैल आहे: फिजिओथेरपीची खरंच गरज असते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २९, राहणार इंदिरानगर, नाशिक. सिझेरियन होऊन सात आठवडे झाले. शिंकले की लघवी सुटते. कंबर सतत दुखते, आई म्हणते की भूल द्यायला कमरेत इंजेक्शन दिलं त्याचं हे दुखणं, आता जन्मभर राहणार. पोट अजून पाच-सहा महिन्यांची असल्यासारखं दिसतं, म्हणून सासूबाई रोज घट्ट बांधायला सांगतात. मैत्रीण जिम लाव म्हणतेय. डॉक्टरांनी टाके बघितले आणि सगळं छान आहे म्हणाले. फिजिओथेरपीचा अशा वेळी उपयोग होतो का? धाकट्या बहिणीला पाचवा महिना लागलाय, तिनं आत्तापासून काही करावं का?"

ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असंच आहे. नाशिकमध्ये अठरा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून मी हेच काम करते आहे, आणि तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. लघवी सुटण्याचं तुम्ही आधी लिहिलंत आणि कंबर नंतर. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका उलट करतात. कंबर दाखवतात, व्यायाम शिकतात, पुढची वेळ ठरवतात आणि दाराशी चप्पल घालताना मागे वळून हळूच म्हणतात, "मॅडम, अजून एक होतं, पण जाऊ दे." त्या 'जाऊ दे'साठी मी त्यांना परत आत बोलावते.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तीनपैकी एका बाईची लघवी खोकताना, शिंकताना, हसताना थोडीफार सुटते. म्हणजे तुमच्या घरात, तुमच्या सोसायटीत ज्यांना मुलं आहेत त्यांतल्या कितीतरी जणींनी हे भोगलेलं आहे आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही. त्यामुळे "मूल झालं की हे व्हायचंच" असा समज झालाय. दात तर बहुतेकांचे किडतात, तरी आपण दाताच्या डॉक्टरांकडे जातोच की. पुष्कळ जणींना होतं एवढ्यावरून ते सोसायचंच असं ठरत नाही.

"पण माझं तर सिझर झालं, मग खालचे स्नायू कसे सैल झाले?" हा प्रश्न तुमच्या मनात असणार. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक, सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. बाळ कुठल्याही मार्गानं बाहेर आलं तरी नऊ महिने त्याचं ओझं या झोळीनंच पेललेलं असतं, आणि त्या काळातल्या हार्मोन्समुळे शरीरातले सगळे बंध थोडे सैलही झालेले असतात. सिझेरियनमध्ये योनीमार्गाच्या बाजूची इजा टळते, पण नऊ महिन्यांचा ताण टळत नाही. शिंक येते तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो. निरोगी झोळी शिंकेच्या क्षणभर आधी आपोआप आवळते. तुमची सध्या उशिरा आवळते आहे किंवा कमी आवळते आहे. स्नायूचा प्रश्न आहे, म्हणून तो शिकवून सुधारता येतो.

या व्यायामाला सगळे 'कीगल' म्हणतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली तो मांडला. आता मोबाइलवर शोधलं की शंभर व्हिडिओ दिसतात, आणि माझ्या चिंतेचं कारण तेच आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही बाळंतपणानंतर येणाऱ्या प्रत्येकीला एक छापील कागद द्यायचे: इतके वेळा आवळा, इतके वेळा सोडा. सिडकोतली एक शिक्षिका तो कागद घेऊन गेली आणि दोन महिने एकही दिवस न चुकवता केलं तिनं. परत आली तेव्हा त्रास वाढलेला. मी तिला करून दाखवायला सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की ती श्वास कोंडून, पोट फुगवून, सगळा जोर खाली लावत होती. आवळण्याऐवजी ढकलत होती. दिवसातून तीन वेळा, दोन महिने. चूक तिची नव्हती. मी तपासून न बघता कागद हातात दिला होता. त्या दिवसापासून मी तो कागद देणं बंद केलं. आधी तपासते, मग शिकवते.

तुम्हाला शब्दांत सांगायचं तर असं. कुशीवर किंवा उताणं झोपा, गुडघे दुमडलेले ठेवा. एक हात पोटावर. श्वास आत घेताना पोट आणि खालची बाजू सैल सोडा, अगदी लघवीला बसल्यावर सोडतो तशी. आता तोंडानं सावकाश श्वास सोडा आणि सोडता सोडता, चारचौघांत गॅस अडवताना मागची जागा जशी आवळतो तशी आवळा. तो आवळ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत, वर ओढून घ्या. जमिनीवरचा मणी उचलून घेतल्यासारखं. जेवढे सेकंद जमेल तेवढं धरा, सुरुवातीला तीन सेकंदही पुष्कळ झाले. मग पूर्ण सोडा, आणि आवळायला लागला त्याहून थोडा जास्तच वेळ सोडून ठेवा. आठ वेळा. असं दिवसातून तीनदा. हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत जायचं. शेवटी पाच-सहा वेळा पटकन आवळून पटकन सोडायचं, कारण शिंक काही आठ सेकंद थांबत नाही.

कुल्ले दगडासारखे झाले, मांड्या एकमेकींवर दाबल्या गेल्या किंवा श्वास अडकला, तर चुकतंय. पोटावरचा हात बाहेर ढकलला गेला तर तुम्ही खाली जोर लावताय, तिथेच थांबा. आणि लघवीची धार मध्येच अडवून सराव करू नका. स्नायू कुठला हे ओळखायला एखादे वेळी केलं तर ठीक, पण रोज केल्यानं मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागते.

जोडीला एक युक्ती आजपासूनच करा: शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. बाळाला उचलण्याआधीही तसंच. पुष्कळ जणींना एवढ्यानंच काही दिवसांत फरक जाणवतो. मात्र स्नायूला खरी ताकद यायला किमान तीन महिन्यांचा रोजचा सराव लागतो. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या बायका मला खूप भेटतात आणि त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटतं.

काही जणींचा हा स्नायू कमजोर असण्यापेक्षा जास्त ताठर झालेला असतो. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, संबंधाच्या वेळी दुखतं, टॅम्पॉन किंवा तपासणीचं बोटही सहन होत नाही, मलविसर्जनाला त्रास होतो. अशांनी आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणं वाढतं. त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. यापैकी काही तुमच्या बाबतीत असेल तर व्हिडिओ बघून काहीही करू नका, आधी तपासून घ्या.

बद्धकोष्ठाचंही इथेच सांगते, कारण ते याच झोळीचं शत्रू आहे. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. वर डिंकाचे, मेथीचे लाडू, भाजी कमी, हालचाल नाही. मग रोज सकाळी जोर लावत बसायचं. लाडू जरूर खा, अळीवही खा, पण बाळ अंगावर पितंय तर तहानेला भरपूर पाणी हवंच. कमोड वापरत असाल तर पायांखाली एक ठेंगणं स्टूल किंवा पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले की जोर कमी लागतो.

आता कंबर. आईंचा समज मी रोज ऐकते, आणि त्यांना खोटं पाडायची मला इच्छा नाही, पण हे खरं नाही. कमरेत भूल देताना वापरतात ती सुई अतिशय बारीक असते. त्या जागी काही दिवस ठणकू शकतं. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं दुखतं ते त्या सुईमुळे नाही. ज्यांना असं इंजेक्शन दिलंच नव्हतं अशा बायकांचीही बाळंतपणानंतर तितकीच कंबर दुखते. (भुलीनंतर पहिल्या काही दिवसांत बसलं की डोकं फुटेल असं दुखणं आणि आडवं झालं की थांबणं, हा वेगळा प्रकार आहे, तो डॉक्टरांना लगेच सांगायचा.) या समजाचं मला जास्त वाईट वाटतं ते यासाठी, की "इंजेक्शनचं दुखणं, त्याला इलाज नाही" असं एकदा मनानं घेतलं की बाई उपाय शोधणंच सोडते.

मग कंबर का दुखते? पोटाचे स्नायू नऊ महिने ताणलेले, त्यावर सिझेरियनचा छेद. पुढून कमरेला मिळणारा आधार गेलेला. आणि त्याच अवस्थेत तुम्ही दिवसातून आठ-दहा वेळा पाजायला बसता. कशा बसता ते आठवून बघा. पलंगाच्या मधोमध, पाठीला टेका नाही, मान खाली, खांदे पुढे, बाळ मांडीवर खाली आणि तुम्ही त्याच्यावर वाकलेल्या. एका वेळचे वीस-पंचवीस मिनिटं धरा. दिवसाचे तीन-चार तास तुम्ही वाकून काढता. हे सगळ्यात आधी बदला. भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला नीट टेका, कमरेमागे घडी केलेला टॉवेल, पाय जमिनीवर किंवा पाटावर, मांडीवर दोन उशा, त्यावर बाळ. बाळाला छातीपर्यंत वर आणायचं, आपण खाली जायचं नाही. माझ्या अनुभवात बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीत आणि मानदुखीत एवढ्या एका बदलानं जितका आराम पडतो तितका कुठल्या मशीननं पडत नाही.

अंगठ्याच्या बुडाशी मनगटात कळ येते का? तेही याच दिवसांतलं दुखणं आहे, बाळाला काखेत दोन्ही हातांनी अंगठे ताणून उचलल्यानं होतं. अंगठा तळव्याशी जुळवून, पंजा बाळाच्या पाठीखाली सरकवून उचला.

अंथरुणातून उठतानाही सरळ समोर उठू नका. आधी गुडघे दुमडा, पूर्ण कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांनी ढकलत बसा. खोकला आला तर टाक्यांवर उशी दाबून धरा.

पोटाबद्दल तुम्हाला घाई झालीये हे मला कळतं. गर्भाशयालाच मूळच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, तुमचे आत्ता सात झालेत. पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या पट्टीनं जोडलेले असतात. बाळ वाढतं तशी ती पट्टी रुंदावते, आणि शेवटच्या महिन्यात जवळजवळ प्रत्येकीचीच रुंदावलेली असते. बाळंतपणानंतर पहिल्या आठेक आठवड्यांत ती आपणहून बरीच जवळ येते, पुढे वेग कमी होतो.

घरी बघायचं असेल तर उताणं झोपा, गुडघे दुमडा, बोटांची टोकं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला, खांदे नाही. दोन्ही बाजूंच्या कडा बोटांना लागतील. मध्ये दोन बोटं मावली तर काळजीचं कारण नाही. तीन-चार मावली, बोटं आत खोल गेली, किंवा डोकं उचलताना मधोमध होडीच्या टोकासारखा उंचवटा आला, तर नेमके व्यायाम लागतील. मी स्वतः बोटांच्या संख्येपेक्षा ती पट्टी आवळल्यावर घट्ट होते का याला जास्त महत्त्व देते. अडीच बोटांचं अंतर असूनही अगदी भक्कम पोट असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

सध्या उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम नकोत. सुरुवात अगदी साधी: श्वास सोडत बेंबीखालचा भाग हलकेच आत घ्या, आणि तसं धरून एक टाच अंथरुणावर सरकवत पाय लांब करा, परत आणा. मग दुसरा. उंचवटा न येता हे जमलं की पुढची पायरी. पुढे सगळे व्यायाम करता येतात, कायमची बंदी कशावरच नसते.

पोट बांधण्याबद्दल सासूबाईंशी भांडू नका. सिझेरियननंतर पहिले काही आठवडे उठताना, चालताना सुती पातळाचा किंवा पट्ट्याचा हलका आधार बरा वाटतो, वेदना कमी वाटतात. पण बांधायचं ते खालून वर, दोन बोटं सहज आत जातील इतकं, दिवसातले काही तास. श्वास लागेल, जेवण जाणार नाही इतकं कचकचून बांधलं की पोटातला दाब खालच्या झोळीवर जातो, आणि तुमची तर लघवी आधीच सुटते आहे. खाली जडपणा वाटला तर लगेच सैल करा. पट्ट्यानं पोट आत जात नाही, स्नायूनं जातं. तुमचं त्या ऐकत नसतील, तर त्यांना तपासणीला सोबत आणा. मी पुष्कळ सासवांना समजावलंय, आणि खरं सांगते, नीट समजावलं की मग सुनेच्या व्यायामाची वेळ त्याच सांभाळतात.

सव्वा महिन्याच्या पद्धतीचा मला आदरच वाटतो. घरकामातून सुटका, गरम ताजं अन्न, कुणीतरी अंगाला तेल लावणारं, बाळ-बाळंतिणीला एकत्र शांतता: जगात कितीतरी बायकांना हे मिळत नाही. फक्त त्यातलं 'पडून राहणं' सोडून द्या. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत पायांतल्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढलेला असतो, सिझेरियननंतर आणखी. म्हणून घोटे वर-खाली हलवणं पहिल्याच दिवशी आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की चालणं. ताज्या टाक्यांवर मालिश नको. छेदाभोवतीची त्वचा काही महिने बधिर असते, म्हणून शेगडीचा शेक जवळून घेऊ नका, भाजलेलं कळत नाही. धुरी मात्र पूर्ण बंद, बाळाच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. जखम पूर्ण भरली असेल, कुठे स्राव नसेल, तर आता सात आठवड्यांनी बोटाला थोडं तेल लावून छेदाची रेघ हलकेच वर-खाली, डाव्या-उजव्या बाजूला सरकवायला सुरुवात करा, रोज चार-पाच मिनिटं. खालच्या थरांना चिकटलेला व्रण मोकळा होतो, ओढल्यासारखं वाटणं कमी होतं.

जिम आत्ता नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचनांत गरोदर आणि बाळंत बायकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, पण तिथपर्यंत पायरीपायरीनं जायचं. घराजवळ दहा मिनिटांनी सुरू करा, मग पंधरा, वीस. पुढे कृषीनगरच्या किंवा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर अर्धा तास. पळणं, उड्या, झुंबा हे बारा आठवड्यांच्या आत नाहीच. त्यानंतरही लघवी सुटत नसेल आणि खाली जडपणा वाटत नसेल तरच.

डॉक्टरांनी "सगळं छान" म्हटलं ते जखमेबद्दल आणि गर्भाशयाबद्दल, आणि ते महत्त्वाचंच आहे. झोळीचे स्नायू किती आवळतात ही तपासणी त्यात बहुधा नसते. तुम्ही होऊन सांगा: "डॉक्टर, माझी लघवी सुटते." लघवीत जंतुसंसर्ग नाही ना हेही ते बघतील.

दिंडोरीकडच्या एका ताईंबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं शहरातल्या सवड असलेल्या बायकांसाठी आहे असं कुणाला वाटू नये. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांत त्या द्राक्षबागेत कामाला परतल्या. मंडपाखाली हात वर करून मणी विरळणी, नंतर क्रेट उचलणं. संध्याकाळपर्यंत काहीतरी खाली आल्यासारखं वाटायचं. 'अंग बाहेर येतं' असं त्यांनी जावेला सांगितलं, जावेनं गप्प बसायला सांगितलं. माझ्याकडे आल्या तेव्हा सहा वर्षं झाली होती. दर आठवड्याला नाशिकला येणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि 'ओझं उचलू नका' हा सल्ला देऊन मी त्यांचा रोज बुडवू शकत नव्हते. म्हणून आम्ही कामातच व्यायाम बसवला. क्रेटच्या अगदी जवळ जायचं, पाय फाकवून गुडघ्यात बसायचं, आधी आवळायचं, मग श्वास सोडत उचलायचं. क्रेट अर्धी भरायची, खेपा जास्त. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटं कमरेखाली घोंगडीची घडी घेऊन पडायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवून आधारासाठी पेसरी, म्हणजे योनीमार्गात ठेवायची कडी, बसवून घेतली. साडेतीन महिन्यांनी आल्या तेव्हा संध्याकाळचा जडपणा बराच उतरला होता. आधी त्यांना वाटत होतं की पिशवी काढण्यावाचून मार्गच नाही. काहींना शस्त्रक्रिया लागते, पण तो पहिला उपाय नसतो.

आता बहिणीचं. पाचवा महिना ही सुरू करायला उत्तम वेळ आहे, मळमळ ओसरलेली असते आणि पोट अजून फार जड नसतं. पण आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. रक्तस्राव, वार खाली असणं, गर्भाशयाच्या मुखाला टाका, वाढलेला रक्तदाब, पाणी जाणं, हृदयाचा आजार यांपैकी काही असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय काहीच नाही. नियमित तपासणी कुठे होत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी असते.

परवानगी मिळाली की रोज अर्धा तास चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. झोळीचा व्यायाम वर सांगितला तसाच. गरोदरपणात शिकून नियमित केला तर शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर लघवी सुटण्याचं प्रमाण कमी होतं. ओट्याला धरून अर्धं खाली बसून उठणं. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ हळूच वर-खाली करणं, कमरेला यानं फार बरं वाटतं. उताणं फार वेळ पडून राहायचं नाही, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. सातव्या महिन्यापासून झोपताना कुशीवर, डाव्या किंवा उजव्या, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी.

कूस बदलताना, जिना चढताना, सलवार घालताना एका पायावर उभं राहिलं की जांघेत किंवा मागे माकडहाडाशेजारी कळ येत असेल, तर ते ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं आहे. गुडघे जुळवून कूस बदलायची, कपडे बसून घालायचे, मांडी घालून बसणं टाळायचं, खड्ड्यांतून दुचाकी नको. तिथे पट्ट्याचा खरा उपयोग होतो, पोटाखालून कंबरेला बांधायचा पट्टा मिळतो.

तिला कुणीतरी नक्की सांगेल, फरशी हातानं पुसली की नॉर्मल होतं. वाकून बसून केलेली हालचाल वाईट नाही, पण नॉर्मल प्रसूतीची हमी कुठलाच व्यायाम देत नाही, आणि जो कुणी तशी हमी देऊन पॅकेज विकतोय त्याच्याकडे जाऊ नका. व्यायाम करूनही सिझर झालं म्हणून स्वतःला दोष देत रडणाऱ्या मुली माझ्यासमोर बसलेल्या आहेत. पस्तिसाव्या आठवड्यापासून योनीमुखाची हलकी तेल-मालिश शिकून घेतली तर पहिलटकरणीला फाटण्याचा, टाक्यांचा त्रास कमी होऊ शकतो. आणि कळांच्या वेळी उपयोगी पडतं ते झोळी सैल सोडता येणं. जबडा आवळला की खालचंही आवळतं, म्हणून मी गरोदर बायकांना ओठ सैल सोडून लांब श्वास सोडायला शिकवते.

एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं, ताप, जास्त रक्तस्राव, दृष्टी अंधुक होऊन तीव्र डोकेदुखी, शौचावर ताबा न राहणं, गरोदर असताना बाळाची हालचाल कमी वाटणं: यांत फिजिओथेरपिस्टची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ सारखं रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे.

फिजिओथेरपिस्ट निवडताना महाराष्ट्र राज्याच्या परिषदेची नोंदणी विचारा आणि स्त्रियांच्या आरोग्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का तेही विचारा. आतून तपासणी सहा आठवड्यांनंतर, तुम्ही हो म्हणालात तरच, आणि मध्येच थांबा म्हणालात तर तिथेच थांबते. नको असेल तर बाहेरून बघूनही बरंच कळतं. पोट कमी करायच्या मशीनचं बोलणं पहिल्याच भेटीत निघालं तर दुसरीकडे जा.

तुमची २६ आठवड्यांची रजा असेल तर सरावाचे तीन महिने त्यात आरामात बसतात. तपासणीला येण्याआधी तीन दिवस एका कागदावर लिहून ठेवा: किती पाणी प्यायलात, किती वेळा लघवीला गेलात, कधी आणि काय करताना सुटली. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड सोबत आणा. आणि बाळाला घरी ठेवून येऊ नका. त्याला पाजताना तुम्ही कशा बसता ते मला बघायचंच असतं.